कोकणच्या बोटीवरची एकदाणी

“मी चोर नाही जी!” आर्णीचा श्रावण हात जोडून म्हणाला. पुंडलिकरावांचा हा चाकर. कोकणच्या बोटीवर मालकिणीच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी गेली, आणि आज संध्याकाळी त्यालाच पोलिसांत देणार होते.

यवतमाळचे खासगी गुप्तहेर नानाजी देवतळे यांनी विचारलं, “तुझ्यासोबत कोण होतं?”

“मालक, मालकीन. मालकिनीचे भाऊ घनश्यामभाऊ पयल्याच बंदरावर उतरले म्हणे. मी एका कोकणी खलाशासंग बसत होतो. त्याले ज्वारीची भाकर देल्ली, तं म्हणे आमच्या गावात ज्वारी नाही, घरोघर तांदळाचीच भाकर.”

नानाजींनी ते वहीत टिपून घेतलं. त्यात टिपण्यासारखं काय, हे त्यांचा सोबती रामधन याला कळेना.

दोघे आर्णीला गेले. मालकीण इंदूबाईंनी नाक मुरडलं. “मेली ते बोट! खाचं, लोळाचं, ओकाचं. खाली कोन उतरते? बंदरात बोट पाण्यातच उभी राह्यते. होडीत बसा, मंग गुडघाभर चिखल तुडवा. शी!”

“पैसे भरले ते चिखलासाठी काय?” पुंडलिकराव ढेकर देत म्हणाले.

रामधनला त्या माणसाची किळस आली. समुद्र पाहायला गेला आणि ताट पाहून आला!

इंदूबाईंचा धाकटा भाऊ घनश्याम तर तोऱ्यातच होता. “थुंकतो मी असल्या सहलीवर! मी उतरलो, लोकांत राह्यलो. शिडीवरून सरळ धक्क्यावर, धोतराले थेंब नाही लागला. कोळ्याच्या घरी चुलीपाशी बसून ज्वारीची भाकर खाल्ली. याले म्हनते प्रवास!”

नानाजींनी श्रावणासकट सगळ्यांना समोर बसवलं.

“घनश्यामराव, तिथं धक्काच नाही. उतरणारा भिजतोच. आणि कोळ्याच्या घरी ज्वारी कुठून आली? मुंबईला धक्का पाहिलात, घरी ज्वारी खाल्लीत, म्हणून सगळं जग तसंच वाटलं. तुम्ही उतरलाच नाहीत. खालच्या वर्गाच्या गर्दीत दडून बसलात, आणि वर सगळे ओकत पडले तेव्हा हात मारलात. नाहीतर उतरल्याची थाप कशाला मारायची?”

घनश्यामचा हात कमरेच्या चंचीकडे गेला. रामधनने ती हिसकली. आत एकदाणी होती.

पुंडलिकराव घसा खाकरून म्हणाले, “साळा हाय माहा. गावात तोंड दाखवाले जागा राह्यनार नाही. श्रावणानंच घेतली, माफी मागितली, असं सांगू. श्रावण, तुले कामावर ठेवतो. काय म्हनतं?”

रामधनने पाण्याचा पेला दूर सारला. असल्या माणसाच्या घरचं पाणी प्यालो आपण!

श्रावणाने दाराची कडी काढली. बाहेर चोर पाहायला सगळी आळी जमली होती.

“या, सारे आत या,” तो मोठ्याने म्हणाला. “मालक चोराचं नाव सांगून राह्यले.”