चौथ्या पायाचं रबर

सकाळी साडेनऊला इलेक्ट्रिशियनचा फोन आला.

"बाई, लवकर खाली या. रंगारी शिडीवरून पडलाय."

तपासणीबाईंनी चपला पायात सरकवल्या. कोणती शिडी, हे विचारायची गरजच नव्हती. शिडी वस्तुघरातली होती. आदल्या संध्याकाळी ती देताना नोंदवहीत 'तपासली, ठीक' या रकान्यात बरोबरची खूण त्यांनीच केली होती.

शिडीकडे न बघता.

कारखान्यात तीस वर्षं त्यांनी यंत्रांचे सुटे भाग पास-नापास केले होते. 'तपासणीबाई' हे नाव तिथलंच. निवृत्त झाल्यावर इमारतीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत त्यांनी वस्तुघर काढलं. ड्रिल मशीन एका घरात वर्षाकाठी दहा मिनिटं चालतं, उरलेला वेळ माळ्यावर धूळ खातं. मग चाळीस घरांनी चाळीस मशिनं कशाला घ्यायची? ज्याच्याकडे जे पडून आहे ते त्यानं आणून ठेवावं, ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की परत आणावं. कुणी शिलाई मशीन वापरून घर सावरलं, कुणी पुस्तकं नेऊन परीक्षा दिल्या. रंगारी पूर्वी कंत्राटदाराच्या हाताखाली राबायचा. इथली शिडी आणि फवारायचं यंत्र मिळायला लागल्यावर त्यानं स्वतःची कामं धरली. सध्या तो याच इमारतीचा व्हरांडा रंगवत होता.

बाई खाली पोचल्या तेव्हा त्याला इस्पितळात हलवलेलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं.

शिडी आडवी पडली होती. गोल पाइपची, घडीची. तीन पायांना काळ्या रबरी टोप्या होत्या. चौथा पाय उघडा.

बाई फरशीवर बसल्या आणि चष्मा पुसून पुन्हा लावला. उघड्या पायाचं टोक लखलखीत होतं. त्यावर एकच ताजा, लांब ओरखडा. पाइपभोवती पांढरट, वाळलेला थर दिसत होता. त्यांनी नखानं खरवडून वास घेतला. साबण.

"फार लागलं का हो त्याला?"

बाई दचकल्या. पोस्टमास्तर वॉकर धरून मागे कधी येऊन उभे राहिले, त्यांना कळलंच नव्हतं. निवृत्त झालेले, एकटे राहणारे. वस्तुघरातल्या निम्म्या वस्तू त्यांच्याच घरातून आलेल्या, ही शिडीसुद्धा. दुपारी तीन ते पाच ते वस्तुघर उघडून बसायचे.

"मांडीचं हाड," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा पडला. ते वळले आणि निघून गेले.

बाईंनी आधी इलेक्ट्रिशियनला गाठलं. रंगाऱ्याच्या आधी शिडी त्यानंच नेली होती.

"परत कधी ठेवलीस?"

"सोमवारी संध्याकाळी."

"टोप्या?"

"चारही होत्या. गच्चीवर चार दिवस वापरली बाई, खडबडीत सिमेंटवर. टोपी नसती तर मीच पडलो असतो."

ते खरं होतं. टोपीविना चार दिवस घासलेलं टोक असं लखलखीत राहिलं नसतं.

मग त्या अध्यक्षांकडे गेल्या. इमारतीच्या या अध्यक्षांना वस्तुघर पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होतं. ती खोली त्यांना कार्यालयासाठी हवी होती.

"काल तुम्ही वस्तुघरात गेला होतात?"

"गेलो होतो. मोजमाप घ्यायला. त्यात चोरी कसली?"

"एकटेच?"

"एकटाच. तीनपर्यंत होतो. मास्तरांच्या वॉकरची खणखण ऐकली आणि काढता पाय घेतला. पंधरा दिवस झाले, सगळी इमारत डोक्यावर घेतात ते!" अध्यक्षांनी आवाज चढवला. "बाई, आता चार वाजता मी त्या खोलीला कुलूप लावतोय. फुकटच्या वस्तूंचं हेच होतं. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही!"

बाई जिन्यातच थांबल्या. अध्यक्षांचं बोलणं त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. मग एकदम त्यांना काहीतरी जाणवलं, आणि ते खरं ठरू नये असं वाटायला लागलं.

चार वाजता चौघं वस्तुघरात होती; बाईंनी इलेक्ट्रिशियनलाही बोलावलं होतं. अध्यक्षांच्या हातात कुलूप होतं. मास्तर खुर्चीत, वॉकर समोर.

"टोपी आपोआप पडलेली नाही," बाई म्हणाल्या. "ती साबण लावून, पिळून काढलीय. सोमवारी संध्याकाळी चारही जागेवर होत्या. काल संध्याकाळी शिडी बाहेर गेली तेव्हा एक नव्हती. मधल्या वेळात शिडी या खोलीतून हललीच नाही. म्हणजे टोपी इथेच निघाली."

"माझ्याकडे काय बघता?" अध्यक्ष उसळले.

"तुम्हाला खोली हवी होती. आधी मलाही तुमचाच संशय आला. पण रंगाऱ्याला पाडायचं असतं तर काढलेली टोपी कुणीही फेकून दिली असती. ही टोपी फेकलेली नाही. ती वापरात आहे." बाईंची नजर वॉकरकडे गेली. "काल तीन वाजता मास्तरांचा वॉकर खणखणत होता, हे तुम्हीच सांगितलंत. पंधरा दिवसांपासून त्याच्या एका पायाला रबर नव्हतं. आज सकाळी मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले, तर चाहूलसुद्धा लागली नाही."

इलेक्ट्रिशियननं वाकून वॉकर उचलला. तीन टोप्या राखाडी. चौथी काळी.

इलेक्ट्रिशियननं वॉकर हळूच मास्तरांपुढे ठेवला.

"दोनदा घसरलो होतो," मास्तर म्हणाले. "न्हाणीघरात. दुकानापर्यंत जाववत नाही."

"मला सांगायचं ना मास्तर! कुणीही आणून दिली असती."

"मागायची लाज वाटली बाई. आजवर देत आलो. घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहणं जमेना. आणि वाटलं, शिडी माझीच तर आहे. एक-दोन दिवसांत दुसरी मागवून बसवीन. संध्याकाळीच कुणी नेईल असं मनातसुद्धा आलं नाही. सकाळी तिथे उभा होतो, तेव्हा तोंडच उघडेना."

अध्यक्षांनी हातातलं कुलूप मुकाट्यानं खिशात घातलं.

सगळा उलगडा बाईंनी केला होता, फक्त एक गोष्ट सोडून.

संध्याकाळी बाईंबरोबर इस्पितळात जाऊन मास्तरांनी हात जोडले आणि रंगाऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, जुन्या टायरची अशी टोपी मी पाच मिनिटांत कापून दिली असती. रडू नका हो. तुमच्याच शिडीवर चढून माझं घर उभं राहिलंय."

मास्तर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बाई मात्र पलंगापाशीच उभ्या राहिल्या.

"अजून एक सांगायचंय. काल मी शिडी तपासलीच नव्हती. घाईत होते. नुसती खूण केली."

रंगाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यानं छताकडे नजर वळवली.

"मी चढायच्या आधी दर वेळी पाय बघतो बाई," तो हळू म्हणाला. "कंत्राटदाराची शिडी असली की हमखास. तुमच्याकडची कधीच बघितली नाही. तुमची खूण असायची ना."

त्यानं डोळे मिटून घेतले, तरी बाई तिथून हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी उशाशी असलेला रिकामा जग उचलला आणि पाणी भरून आणायला गेल्या.