चाळीस जाड पुस्तकं

अराबाच्या पत्राला मी आज सकाळपर्यंत उत्तर दिलेलं नव्हतं. तीन आठवडे झाले होते. एरवी मी वीजबिलाच्या नोटिशीलाही उलट टपाली लिहितो…

सॉल्टपाँड या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावात मी शाळेचा ग्रंथपाल. गेल्या वर्षी एका दुपारी विज्ञानाच्या नव्या बाई, अराबा, दारात उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली, कपाळावर घाम, हातात टोमॅटोचा रिकामा डबा.

"एशुन सर, जाड पुस्तकं द्या. चाळीस."

"कोणत्या विषयावरची?"

"कुठल्याही. उभी राहिली म्हणजे झालं. आणि पडली म्हणजे झालं."

मुलांना ऊर्जेचा प्रवास दाखवायचा होता म्हणे. गोटी घरंगळून डब्यावर आदळणार, डबा पहिल्या पुस्तकाला ढकलणार, पुस्तकं ओळीनं कोसळणार, शेवटचं दोरी ओढणार. माझी पुस्तकं! मी नाही म्हणायला तोंड उघडलं — आणि ती हसली. पुस्तकं मीच वाहून नेली.

पुढचा महिना नुसता वैताग. कधी गोटी पळायची, कधी सतरावं पुस्तक अडून बसायचं.

"सर, तुम्ही श्वास सोडलात, म्हणून पडलं!" मुलं खेकसायची.

"मग काय, सोडूच नको?"

"नकाच सोडू," अराबा म्हणाली. "ऊर्जा हरवत नाही, सर, पुढच्याला मिळते. पुढचाच ढिम्म असला तर मात्र कठीण…"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी एका पुस्तकाची शिवण तपासू लागलो.

शाळेच्या समारंभाला आमचे मुखिया येणार होते; त्यांना सगळे मानानं 'नाना' म्हणतात. दोरीच्या टोकाला पुठ्ठ्याचा हात लावायचा, त्यानं त्यांना स्वागतपत्र द्यायचं, असं ठरलं. हात मी कापला. पुठ्ठ्यावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, नखंसुद्धा रंगवली.

त्या दिवशी यंत्र पहिल्यांदाच बिनचूक चाललं. गोटी, डबा, पुस्तकं, दोरी… हात डौलात पुढे आला.

डावा!

पेन्सिल उजव्या हातात, मग पुठ्ठ्यावर दुसरा कुठला असणार? मुखियांना डाव्या हातानं कागद! नानांच्या वतीनं बोलणारे गृहस्थ उठले. "हा उद्धटपणा कुणाचा?"

मी खाली पडलेली गोटी शोधायला वाकलो.

"माझा, नाना," अराबा पुढे झाली. "हात मी कापला." आणि वाकून, उजव्या हातानं, तिनं तो कागद दिला.

"यंत्रालाही वळण लावा, बाई," नाना हसले.

बाहेर आल्यावर मी पुटपुटलो, "तुम्ही… का…"

"पूर्ण विचारा ना!" ती उसळली. "एक वाक्य, सर! चाळीस पुस्तकं एका गोटीनं पडतात. तुम्हाला काय लागतं?"

मी विचारलं नाही. सुटीनंतर तिची बदली झाली, थेट उत्तरेला, तमालेला.

पत्रात ती लिहिते: 'इथे आणखी पाच वर्षं राहायचं का, ते महिनाअखेर कळवायचंय. तुम्ही बोलावलंत तर राहणार नाही. बोलवायचं नसेल तर तेही कळवा. वाट बघून मान दुखते.'

अकरा मसुदे झाले. पहिल्यात प्रस्तावना होती, सातव्यात तळटीप. आज सकाळी स्वतःचाच इतका राग आला की उभ्या उभ्या लिहिलं: 'अराबा, ये. मी बसथांब्यावर असेन. बोलता आलं नाही तर रागाव… पण ये.'

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून वाचलंच नाही.

टपाल कचेरीतल्या मुलीनं शिक्का मारला, पाकीट ओढलं. ते येईना.

"द्यायचंय ना, काका?"

माझी दोन बोटं अजून त्यावर होती. मी ती उचलली.