गस्तीच्या बोटीवरचा दिवा

हे माझ्याच घरात घडलं. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

कोलोन. गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. अंधार पडत होता आणि ऱ्हाइनवर दाट धुकं होतं.

आमचं घर म्हणजे बोट. वोनुंग, म्हणजे भाड्याचा फ्लॅट, काही केल्या मिळेना, म्हणून माझ्या नवऱ्याने, मयुरेशने, बंदरात बांधलेली जुनी मोटरयॉट भाड्याने घेतली. कुण्या श्रीमंताची हौसेची बोट होती ती. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने ताब्यात घेतली, राखाडी रंगवली, पुढे तोफ बसवली आणि समुद्रात गस्तीवर धाडली.

चावी देताना मालक म्हणाला होता, "तेव्हा हिच्यावर काडीसुद्धा पेटवू द्यायचे नाहीत. वरून विमानांना दिसायचं."

आम्ही हसलो होतो. डोक्यावर छप्पर आलं होतं, बास!

पण दिवेलागणीला मी देवापुढे निरांजन लावलं, की ते विझायचं.

वारा नसताना...

मयुरेश चिडवायचा, "तुझ्या वातींना जर्मनी मानवत नाही."

त्या शनिवारी वीज गेली.

"धक्क्यावरची पेटी बघून येतो," मयुरेश म्हणाला. "वसू, खिडकीत दिवा ठेव हं. म्हणजे या धुक्यात परत येताना मला बोट तरी दिसेल."

मी निरांजन खिडकीत ठेवलं.

विझलं...

पुन्हा लावलं. अगदी जवळून कुणीतरी फुंकर मारली. ओल्या लोकरीचा वास आला.

मी घाईघाईने मोबाईलचा टॉर्च लावला. तर एक गार तळवा माझ्या हातावर आला... आणि त्याने मोबाईल टॉर्चच्या बाजूने टेबलावर दाबून धरला.

"वसू, दिवा कुठाय?" बाहेरून मयुरेशचा आवाज.

मला ओरडायचं होतं. दुसरा तळवा माझ्या तोंडावर होता.

"अगं, दिवा दाखव ना!"

मग पाण्यात काहीतरी पडलं.

त्यानंतर... काहीच नाही.

तळवे निघून गेले. मोबाईलखाली टॉर्च चालूच होता.

पोलीस म्हणाले, पाय घसरला. मी मान हलवली.

आता मी न्युरेम्बर्गला भावाकडे असते. जेवते, झोपते, कामावर जाते. रडू येत नाही.

एकच गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. त्या हातांत जोर होता, पण राग नव्हता. घाबरलेल्या पोराला गप्प करावं, तसं कुणीतरी मला धरून होतं. तो जो कोण होता, तो मला वाचवत होता.

आणि बाहेर मयुरेश हाका मारत असताना, त्या अंधारात मला अगदी सुरक्षित वाटत होतं.