दुसरी प्रत

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कोणावरही विश्वास नसतो. माझा तर मुळीच नाही. "मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला," असं शपथेवर सांगणाऱ्यांच्या घरी कीबोर्ड उलटा केला की बिस्किटाचा चुरा पडतो, हे मी बावीस वर्षं बघतोय. दहातल्या नऊ घरांत तर रोग एकच असतो. पडद्यावर सूचना आली की न वाचता 'ठीक आहे' दाबून मोकळं व्हायचं. आम्ही दुरुस्तीवालेही तेच करतो, फक्त जास्त वेगाने. मी निदान आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी माझ्यावर खापर फोडायला नको.

त्या घरी मला मुलीने बोलावलं. ती शाळेत शिकवायची आणि दोन गल्ल्या सोडून राहायची. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आई एकटीच होती. सत्तरी उलटलेली, एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई. मुलीने मला जिन्यातच गाठलं.

"दादा, स्पष्टच सांगते. आई विसरायला लागलीय, म्हणून डॉक्टरांनी तिला रोजच्या नोंदी टाइप करायला सांगितल्यात. आता ती म्हणते, त्यातल्या निम्म्या तिने लिहिलेल्याच नाहीत. शनिवारी मी तिला एका संस्थेत नेऊन ठेवणार आहे. दोष मशीनमध्ये आहे की तिच्यात, तेवढं मला शुक्रवारपर्यंत सांगा."

तो मंगळवार होता. असं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं. मुलीच्या पर्समध्ये घराची दुसरी किल्ली होती, तीही मी बघून ठेवली. आईला घराबाहेर काढायची कोणाला घाई असेल, तर नोंदी कोण लिहीत असेल हे सांगायला दुरुस्तीवाला कशाला हवा?

वर गेल्यावर आईने, म्हणजे मावशींनी, खुर्ची ओढून दिली आणि माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. टेबल लख्ख होतं. कीबोर्डवर पांढरं फडकं, पडद्यावर सगळं मराठीत. नोंदींची फाइल उघडायला गेलो तर सूचना आली. मी फोटो काढला आणि बोट पुढे केलं.

"वाचा की आधी!" मावशी कडाडल्या. "माणसाने इतक्या कष्टाने छापलेलं असतं."

वाचलं. 'ही फाइल दुसऱ्या ठिकाणी उघडी आहे.' नेहमीचंच दुखणं. प्रोग्राम नीट बंद झाला नाही की मशीनला वाटत राहतं, फाइल अजून कोणाच्या तरी हातात आहे. मी तसं सांगितलं.

"कोणाच्या हातात?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही, मावशी. म्हणायची पद्धत."

मग त्यांनी मला नोंदी दाखवल्या. 'आज मी गॅस बंद करायला विसरले.' 'आज मी दार उघडं टाकून खाली गेले.' सगळ्या अशाच, कबुलीजबाबासारख्या.

"ह्या माझ्या नाहीत. मी इतकी रडकी वाक्यं लिहीत नाही."

"पण गॅस राहिला होता ना?"

"राहिला होता," त्या हळूच म्हणाल्या. "पण नोंद मी आधी वाचली. वास नंतर आला."

नोंदीपुढे वेळ होती, अकरा वाजून वीस मिनिटं. गॅसचा वास आला म्हणून शेजारीण धावत आली ती पावणेबाराला, हे मी तिच्याकडूनच विचारून घेतलं. आतली छोटी बॅटरी संपली की कॉम्प्युटरचं घड्याळ भरकटतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी बॅटरी बदलली, घड्याळ माझ्या मोबाइलशी जुळवलं. लांबून कोणी मशीन चालवतंय का ते तपासलं, व्हायरस शोधला, इंटरनेटची वायर काढून गुंडाळून कपाटात ठेवली. पासवर्ड नवा घातला आणि तो मुलीलाच काय, मावशींनाही सांगितला नाही. निघताना कीबोर्ड आणि माउससुद्धा पिशवीत टाकले. आता लिही म्हणावं कोणाला लिहायचं ते.

गुरुवारी दुपारी गेलो आणि पिशवीतला कीबोर्ड-माउस तेवढ्यापुरता जोडला. फाइलमध्ये दोन नवीन नोंदी होत्या.

पहिली बुधवारची. 'दुरुस्तीवाले कीबोर्ड घेऊन गेले. मला त्याची गरज नाही.'

दुसरी त्या गुरुवारचीच, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची. 'आज माझ्या हातून पेला फुटला.'

मी मोबाइल बघितला. दोन वाजून सहा मिनिटं झाली होती.

"मावशी, जिथे आहात तिथेच बसा," मी म्हणालो. त्या सोफ्यावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. मी त्यांच्यासमोर बसलो. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत राहिलो. मला स्वतःचं हसू येत होतं आणि घाम फुटला होता. दोन दहाला स्वयंपाकघरात काच फुटल्याचा आवाज झाला.

घरात तिसरं कोणी नव्हतं. मी सगळ्या खोल्या, मोरी, कपाटंसुद्धा बघितली.

काचा भरता भरता मावशी म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत ना? मग उद्या तिला सांगाल? मला त्या संस्थेत जायचं नाही हो. मी ह्या घरात तिला वाढवलंय." त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू? मुलीवर घेतलेला संशय मी मनातल्या मनात मागे घेतला. मावशींना शब्द दिला आणि घरी गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला मी कीबोर्ड आणि माउस परत जोडले. मुलगी शाळेतून थेट आली होती. ती माझ्या उजवीकडे उभी राहून सलग बोलत होती. संस्थेची गाडी सकाळी नऊला येणार, कपडे भरायचेत, आईने अजून बॅग उघडलेली नाही, तुमचं काय ते एकदा सांगा. मावशी आतल्या खोलीत इस्त्री करत होत्या. पेला फुटल्याचं कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी, ह्याचीच जुळवाजुळव माझ्या डोक्यात चालली होती.

फाइल उघडली. सूचना आली. ह्या वेळी जरा लांबलचक होती. मी सवयीने फोटो काढला.

"अहो, काही आलंय का?" मावशींनी आतून विचारलं. "दाबू नका हं, मी वाचून मग—"

मी दाबलं होतं.

आतला आवाज थांबला. इस्त्रीचाही.

"आई?" मुलगी म्हणाली.

पाच-सहा सेकंद गेले असतील. मग मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहरा टवटवीत होता. "अगं, आज तुझी शेवटची तासिका रद्द झाली ना? दमलेली दिसत नाहीस."

मुलगी बघतच राहिली. "तुला लक्षात आहे? मी सकाळी ओझरतं बोलले होते."

"न राहायला काय झालं?" मावशींनी डॉक्टरांची तारीख सांगितली, गोळ्यांची नावं ओळीने सांगितली, तिसऱ्या मजल्यावरच्या चारही घरांचे फोन नंबर सांगितले. मुलगी रडायला लागली. तिने आईला मिठी मारली आणि आईच्या खांद्यावरूनच मला विचारलं, "दोष मशीनमध्येच होता ना, दादा?"

"मशीनमध्येच," मी म्हणालो. शब्द दिला होता.

तेवढ्यात पडद्यावर आणखी एक सूचना आली. मावशींनी मुलीला न सोडता हात लांब केला आणि 'ठीक आहे' दाबलं. पडद्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी हत्यारं गोळा करून जिना उतरलो. बस थांब्यावर बसून मोबाइलमधला फोटो मोठा केला.

'दोन प्रती एकाच वेळी उघड्या राहू शकत नाहीत. पहिली प्रत कायमची काढून टाकायची आणि दुसरी ठेवायची?'

साधी सूचना होती. फाइलबद्दलची. मी ती चार वेळा वाचली. वर जाऊन बेल वाजवावी असं प्रत्येक वेळी वाटलं. पण वर जाऊन काय विचारणार होतो, आणि कोणाला? बस आली, मी चढलो. त्याची लाज मला आजही वाटते.

दोन महिन्यांनी मुलीचा फोन आला. आभार मानायचे राहून गेले म्हणाली. आई ठणठणीत आहे, सगळं घर एकटी बघते. मी विचारलं, नोंदी अजून लिहितात का?

"लिहिते ना," ती म्हणाली. "आता माझ्यासुद्धा तीच लिहिते. बरं झालं म्हणा, कारण मला हल्ली काही आठवतच नाही. परवा वर्गाची किल्ली हरवली, काल गॅस चालू राहिला. तिच्याकडे सगळं वेळेसकट लिहिलेलं असतं." ती थकल्यासारखं हसली. "माझ्यासाठी एक चांगली जागा बघितलीय म्हणाली. शनिवारी आम्ही दोघी जाऊन येतोय."