आधी बुडू दे

पाण्याची बादली घेऊन मी जिना चढत होते आणि तो उतरत होता. वळणावर त्याला वाट द्यायला मी डावीकडे सरकले, तर तोही तिकडेच. मग दोघेही उजवीकडे. शेवटी अर्धी बादली त्याच्या बुटांत गेली.

"बघून चालता येत नाही?" मी विचारलं. चूक माझीही होती, पण राग माझ्या नाकावरच असतो.

"बघतच होतो," तो म्हणाला. "तिथेच तर घोटाळा झाला."

असं कुणी बोललं तर एरवी मी त्याला जागच्या जागी गप्प करते. त्या दिवशी मात्र हसू गिळावं लागलं. डोळे काय होते मेल्याचे... मी बादली त्याच्याच हातात दिली. "भरून आणा. सातवीचा वर्ग, डावीकडे."

तो निमूट गेला. बादली भरून आणली, टेबलाजवळ ठेवली आणि चक्क मागच्या बाकावर जाऊन बसला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा तर आराखडेवाला!

आमच्या शाळेनं त्या वर्षी शिकवण्याचे तयार आराखडे आणले होते. कुठल्या मिनिटाला काय बोलायचं, फळ्यावर काय लिहायचं, मुलांना प्रश्न कधी विचारायचा, सगळं छापील. ते लिहिणारा हा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्याला महिनाभर वर्गावर्गांत बसायला बोलावलं होतं. आराखडा जो पाळणार नाही, त्याचा वर्ग काढून घ्यायचा, असं त्यांनी बजावलं होतं. मी तो पाळत नाही हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. वर्ग गेला की मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसणार. आणि मला माझी सातवी हवी होती, बाकी काही नको.

धडा होता तरंगण्या-बुडण्याचा. आराखड्यात आधी व्याख्या, मग उदाहरणं आणि वेळ उरला तर प्रयोग. मी प्रत्येकाला चिकणमातीचा एकेक गोळा दिला.

"हा पाण्यात बुडतो. याला तरंगवून दाखवा. कसं, ते मी सांगणार नाही."

एक गोळा त्याच्यापुढेही ठेवला. म्हटलं, होऊन जाऊ दे. त्यानं बाह्या सरसावल्या, मन लावून होडी केली, पाण्यात सोडली आणि ती तळाला गेली. वर्ग खिदळला. शेजारची दोन वेण्यांची मुलगी त्याला समजावत म्हणाली, "सर, तुमचा तळ जाड झालाय. माझीपण आधी बुडाली. पातळ करा, पसरट करा, म्हणजे जास्त पाणी बाजूला सरतं." व्याख्या अजून फळ्यावर आलीच नव्हती. तो त्या मुलीकडे बघत राहिला... आणि मग माझ्याकडे.

तास संपल्यावर दारात थांबला. "तुम्ही माझा अख्खा धडा उलटा केलात."

"तुम्ही तो उलटा लिहिला होता. मी सुलटा केला."

"मुलं चुकली की खचतात, म्हणून मी आधी समजावून..."

"तुम्ही खचलात?"

तो हसला. हाताला माती तशीच होती. "नाही. पण आता झोप लागणार नाही."

त्यानंतर तो रोज माझ्या वर्गात. इतर वर्गांवरही जायचा म्हणे, पण मला काही ते दिसलं नाही. तासानंतर आम्ही व्हरांड्यात भांडायचो. एखादा प्रश्न आधी टाकला तर किती वेळ मुलांना चाचपडू द्यायचं, मध्ये कधी पडायचं, कधी ओठ मिटून गप्प बसायचं. भांडता भांडता घंटा होऊन जायची. घरी आई म्हणायची, "हल्ली शाळेतून उशिरा येतेस आणि तरी तोंडावर हसू?" मी तिला काही पत्ता लागू दिला नाही. पण स्वतःशी कशाला खोटं बोलू? मी त्याच्या प्रेमात पडले होते.

आणि मग त्यानं माती खाल्ली.

"उद्या मोठ्या बाई स्वतः येणार आहेत," व्हरांड्यात तो हळूच म्हणाला. "उद्याचा एक तास माझ्या आराखड्याप्रमाणे घ्या. फक्त एक. मग तुमची तुम्ही राणी. मला... तुमचा वर्ग गेलेला बघवणार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे मुलांसमोर नाटक करू? ज्यांना मी रोज सांगते, चुका पण लपवू नका, त्यांच्यासमोर?"

"मला तुमची काळजी वाटते, म्हणून—"

"काळजी वाटते ना? मग जे बघितलंय ते सांगा. तेवढी हिंमत नसेल, तर माझ्याशी बोलूही नका."

मी घरी येऊन पोटभर रडले, आणि सकाळी माझाच धडा घेऊन वर्गात उभी राहिले.

मोठ्या बाई शेवटपर्यंत बसल्या. चेहरा घट्ट. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर त्यांनी त्याला विचारलं, "यांनी आराखडा पाळला?"

"एक ओळही नाही," तो म्हणाला. "आणि बरं झालं. इतर वर्गांतली मुलं माझी व्याख्या पाठ म्हणतात. यांची मुलं ती स्वतः शोधतात आणि मला समजावतात. चूक माझ्या आराखड्यात आहे. तो बदलायला हवा."

"तुम्हाला आम्ही आराखडे राबवायला बोलावलं होतं, बदलायला नाही. उद्यापासून येऊ नका." मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "मुलांची उत्तरं मीही ऐकली. सातवी वार्षिक परीक्षेपर्यंत तुमच्याकडे. पुढचं निकाल बघून."

त्या गेल्या. सातवी माझीच राहिली, तरी मला नीट आनंदही होईना. खोलीत कुजबुज सुरू झाली. गणिताच्या बाई मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वर्ग कसा वाचला, ते दिसतंय की सगळ्यांना."

तो बॅग उचलून माझ्याजवळ आला. आवाज अगदी खाली. "माझं प्रेम आहे तुमच्यावर. पण आत्ता आपण एकत्र दिसलो, तर हे लोक तुमची सगळी मेहनत माझ्या नावावर टाकतील. निकालापर्यंत थांबू. मी थांबेन."

शहाणपणाचं बोलत होता. मीही एक क्षण मान डोलावणार होते.

"मी नाही थांबणार," मी म्हटलं, मुद्दाम मोठ्यानं. "माझंही तुमच्यावर प्रेम आहे, आणि ते लपवावं लागेल असं मी काही केलेलं नाही." मग गणिताच्या बाईंकडे वळले. "वर्ग कसा वाचला ते बघायचंय ना? पुढचा तास माझाच आहे. सगळ्यांनी या. मागचे बाक रिकामे आहेत."

कुणी हललं नाही. मी त्याचा हात धरला आणि त्या सगळ्यांच्या मधून, सातवीच्या वर्गाकडे चालू लागले.