चित्रातला बेसूर

हौबर्टकाकांच्या चित्रात मी ल्यूट हे तंतुवाद्य वाजवताना दिसते. खरं तर तोवर मी आमच्या बेकरीतल्या कणकेपलीकडे कशालाच बोट लावलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात हॉलंडातल्या आमच्या लायडन शहराचे कालवे गोठले होते. शेजारी राहणाऱ्या या चित्रकार काकांनी मला पिवळं सॅटिनचं जाकीट चढवलं, मांडीवर ल्यूट ठेवलं, बोटं तारांवर दाबली. "आता हलायचं नाही." समोर मद्याचा पेला घेऊन बसणारा माणूस बर्फावर घसरून जायबंदी झाला आणि घरी पडून होता. तेवढ्यात ल्यूट बनवणारा योस्त तार बदलायला आला... काकांनी त्यालाच खुर्चीत बसवलं. पेल्यात बिटाचं पाणी होतं.

काका रंग घोटायला आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "इतकं बेसूर धरून बसलायत, बोटांना लाज नाही वाटत?"

"तुम्ही नका ऐकू. पाणी प्या."

"पितोय की... बिटाचं आहे, तरी चढतंय."

बाहेर येताच काका ओरडले, "माख्तेल्ड, गालांचा रंग बदलू नकोस."

बाराव्या दिवशी कळलं, चित्र संपलं की योस्त अँटवर्पला जाणार. कायमचा. मग मी रोज एक बोट शेजारच्या तारेवर सरकवू लागले. काका रंगवलेला हात पुसायचे, पुन्हा रंगवायचे. चित्र काही संपेना.

एक दिवस त्यांनी कुंचला आपटला. "बोटं थंडीनं सरकतात, मान्य. पण पेल्यातलं पाणी रोज कमी-जास्त कसं होतं?"

योस्तचे कान लाल झाले. "मीच करतो," तो म्हणाला. "चित्र संपलं तर हिला बघायला... कुठल्या निमित्तानं येऊ?"

"बेकरीत जा. पाव सगळेच घेतात."

"आणि अँटवर्प?" मी विचारलं.

"तुम्ही सांगाल तसं."

मी पहिल्यांदाच काकांना न विचारता ल्यूट खाली ठेवलं. "मग राहा."

वैतागलेल्या काकांनी बोटं होती तशीच रंगवून टाकली. वसंतात आमचं लग्न झालं. योस्तनं मला स्वतः बनवलेलं ल्यूट दिलं, वाजवायलाही शिकवलं, पण चित्रातली चुकलेली बोटं कधी सुधारू दिली नाहीत. चाळीस वर्षं, दर रविवारी जेवणानंतर म्हणायचा, "आधी आपलं ते चित्रातलं वाजव." मी छेडायचे आणि तो कानांवर हात ठेवून हसायचा.

यंदा तो नाही. मागच्या रविवारी जेवण झाल्यावर मी ल्यूट काढलं, बोटं तशीच ठेवली आणि छेडलं. फार वाईट वाजलं. मग पुन्हा एकदा वाजवलं.