कोऱ्या नावाची हाक

प्रभावतीबाई एकदा कळंबच्या चिंतामणीपुढे एक नवस बोलल्या होत्या. तसे त्यांच्या संसारात नवस पुष्कळ. मुलाच्या परीक्षेसाठी संकष्ट्या झाल्या, घराच्या पायाभरणीसाठी सोमवार झाले, आणि प्रत्येकाचं उद्यापन त्यांनी मन लावून केलं. पण हा नवस जरा वेगळा होता. देवा, यांचा श्वास मोकळा होऊ दे. तोवर यांचं नाव माझ्या ओठांवर येणार नाही की माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. नवऱ्याचं नाव त्या एरवीही घेत नसत. ‘इंद्रजितचे बाबा’ एवढ्या हाकेवर सगळा संसार झाला होता. पण सवयीनं न घेणं वेगळं आणि देवापुढे शब्द देऊन न घेणं वेगळं.

वात जरा पुढे सारा, आणि मग पुढचं ऐका.

इंद्रजितचे बाबा म्हणजे सदाशिवराव. त्यांची फुप्फुसं थकली होती. दवाखान्यातून वणीच्या घरी आले ते नाकाला नळी घेऊनच. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन शेजारच्या बेबीताईंच्या ओळखीनं मारेगावहून मिळालं. सोनीबाई म्हणून एक बाई होती, तिच्याकडे ते पडून होतं. तिचे यजमान त्याच मशीनवर असताना गेले होते. तिनं त्याचं काही घेतलं नाही. तुमचं काम झालं की पुढच्याला द्या, एवढंच म्हणाली, आणि गाडीत चढवताना मशीनवरून असा हात फिरवला, जसा निघालेल्या पाहुण्याच्या पाठीवरून फिरवावा.

इंद्रजित नोकरीनं बाहेरगावी असे. सून दीपा घरी बसून संगणकाचं काम करायची. तिनं पलंगाशेजारी एक लहानशी पेटी बसवली. आत तळहाताएवढा संगणक, वर पडदा, बाजूला स्पीकर. बोटाला चिमटा लावायचा. ऑक्सिजन उतरला की पेटी आधी माणसाचं नाव घेई आणि मग म्हणे, “ऑक्सिजन कमी होत आहे. कृपया लक्ष द्या.” पेटीतला प्रोग्राम कोणा कंपनीचा नव्हता. जगभरची माणसं तो मिळून लिहीत. कोणीही उघडून पाहावा, कोणीही दुरुस्त करावा. प्रभावतीबाईंना ते भंडाऱ्यासारखं वाटे. कोणाचा गहू, कोणाची चूल, आणि जेवायला सगळं गाव. त्या भंडाऱ्यात दीपाही वाढपी होती. पेटीला मराठी बोलायला तिनंच शिकवलं होतं.

चांगलं काम घरातल्या मोठ्या बाईच्या हातून सुरू व्हावं म्हणून दीपानं पेटी सासूपुढे ठेवली. त्यांनी हळदकुंकू वाहिलं. पडद्यावर विचारेल ते भरा अन् हिरवं बटण दाबा, असं सांगून दीपा चुलीवरच्या दुधाकडे धावली. प्रभावतीबाईंनी वय भरलं. पत्ता भरला. नावाच्या चौकटीपाशी मात्र बोट थबकलं. त्यांनी मनात चिंतामणीला हात जोडले, चौकट कोरीच ठेवली आणि हिरवं बटण दाबलं. पेटीनं काही तक्रार केली नाही.

वैशाखातल्या वणीच्या दुपारी तुम्हाला ठाऊक असतील. कोळशाचे ट्रकही जरा वेळ थांबतात. तुळशीच्या पानांवर काळी भुकटी बसते, कूलरच्या ओल्या गवताचा वास घरभर दाटतो, आणि त्या सगळ्या शांततेत मशीन तेवढं श्वास घेत असतं. घुस्स... ठक. घुस्स... ठक.

अशाच एका दुपारी पेटी बोलली, “पायलचे बाबा, ऑक्सिजन कमी होत आहे. कृपया लक्ष द्या.”

ऑक्सिजन खरंच उतरला होता. नळी मुडपली होती, ती सरळ केली आणि भागलं. पण पायल कोण? घरात नाही, नात्यात नाही, आळीतसुद्धा नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी नमुन्याला घातलेलं एखादं नाव राहिलं असेल, असं दीपा म्हणाली. तिनं सगळा प्रोग्राम चाळला. पायल कुठेच नव्हती.

मग एकदा पेटी बोललीच नाही. सदाशिवराव नळी काढून न्हाणीपर्यंत गेले आणि परत येऊन पलंगावर तसेच आडवे झाले. प्रभावतीबाई पाणी घेऊन आल्या तर त्यांचे ओठ जांभळे पडलेले, आणि पडद्यावर छान हिरवा चौऱ्याण्णवचा आकडा. आतला प्रोग्राम केव्हाच मेला होता. मरताना शेवटचा आकडा तेवढा पडद्यावर गोठून राहिला होता.

त्या दिवसापासून घराला एकच धास्ती लागली. माणूस किती वेळ जागा राहील? कोणाचा डोळा लागला आणि नेमकी तेव्हाच पेटी गप्प झाली तर?

दीपानं बाकी कामं बाजूला सारली. हाच प्रोग्राम तिनं लॅपटॉपवर पुन्हापुन्हा चालवला. तिथे तो मरेना. प्रोग्राम संगणकाच्या मेमरीतली कुठली जागा घेतो, कुठली सोडतो यावर नजर ठेवणारा एक पहारेकरी असतो, तो लावला. पहाऱ्यात तर सगळं आणखीच सुरळीत.

“पाह्यलं का चूक पळते, आई. नजर काढली का येते,” ती थकून म्हणाली.

पलंगावरून सदाशिवराव म्हणाले, “माह्या खोकल्यासारखंच हाय मंग. डॉक्टर आला का बंद.”

तिघंही हसली, पण दीपाचं हसू लवकर मावळलं. तिनं जगभरच्या त्या मंडळींना विचारलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच, आमच्याकडे असं होत नाही. शोधता शोधता तिला एक जुनी तक्रार सापडली. दूरच्या कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं लिहिलं होतं, की माझ्या आईची पेटी अधूनमधून मुकी होते. कोणालाच ते पाहायला मिळालं नाही म्हणून तक्रार बंद करून टाकली होती. त्याच्या आईचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी विचारलेलं नव्हतं.

शेवटी दीपानं ठरवलं की पहारेकरी लॅपटॉपवर नको, थेट पलंगाशेजारच्या पेटीतच बसवायचा. पेटी त्यानं मंद होणार होती, म्हणून आजवर ती टाळत होती. प्रभावतीबाईंनी जपमाळ घेतली आणि उशाशी बसल्या. दीपा बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपुढे.

जेवणं झाली. ऊन भिंतींवरून आत झिरपायला लागलं. मशीनचा तो एकसुरी श्वास, घुस्स... ठक, आणि बोटांखाली सरकणारे मणी. पडद्यावर चौऱ्याण्णव. सदाशिवराव भिंतीकडे तोंड करून शांत झोपले होते. किती शांत, असं प्रभावतीबाईंना वाटलं, आणि त्यांचीही मान कलायला लागली.

“पायलचे बाबा...”

त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर चौऱ्याण्णवच होता. हाक अगदी हळू होती, दारातून आत यावी तशी. पेटी एरवी प्रत्येक शब्द सारख्या मापानं टाके. या हाकेत दम लागलेला होता. उन्हातून चालत आलेल्या बाईचा असतो, तसा.

“पायलचे बाबा... झोपू नोका.”

प्रभावतीबाईंच्या हातातली माळ खाली पडली. त्यांनी सदाशिवरावांच्या खांद्याला धरून त्यांना आपल्याकडे वळवलं. तोंड निळं पडलं होतं. नळी मशीनकडच्या टोकाशी सुटून जमिनीवर पडली होती आणि तिथली धूळ फुंकरल्यासारखी उडत होती, कारण मशीन आपला श्वास उगाच फरशीवर सोडत होतं. त्यांनी नळी बसवली. गालावर चापट्या मारल्या. नाव ओठांपर्यंत आलं होतं, ते त्यांनी दातांखाली दाबलं. इंद्रजितचे बाबा, इंद्रजितचे बाबा, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

बऱ्याच वेळानं सदाशिवरावांची छाती हलली. डोळे मिटलेलेच होते. ते स्पष्ट म्हणाले, “हो.”

दीपा धावत आली. सासरे श्वास घेताहेत हे पाहून ती दाराशीच बसली. मग तिनं पेटीकडे पाहिलं, पुन्हा बाहेर जाऊन लॅपटॉप पाहून आली आणि उभीच राहिली.

“तुम्हाले कसं कळलं, आई?”

“पेटीनं हाक मारली ना...”

“पेटी नाही बोलू शकत.” दीपाचा आवाज अगदी खाली गेला होता. “प्रोग्राम आपण जेवत होतो तेव्हाच मेला. पहारेकऱ्यानं धरला त्याले, पन माहा डोळा लागला होता, मी आता पाह्यलं. आई, मंग बोललं कोन?”

मशीन श्वास घेत होतं.

चूक मात्र त्या दुपारी हाती लागली. पहारेकऱ्यानं नेमकी जागा दाखवली होती. प्रोग्राम नाव वाचायला गेला होता आणि नावाची चौकट कोरी होती. दीपानं सासूकडे पाहिलं. प्रभावतीबाईंनी नवसाचं सांगितलं. दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, कारण ती स्वतः लॅपटॉपवर दर वेळी सासऱ्यांचं नाव भरत आली होती, आणि जगातल्या त्या सगळ्या मंडळींनीही काही ना काही नाव भरलंच होतं. चौकट कोरी ठेवावी, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्या थंड देशातल्या माणसानं बहुतेक ठेवली असावी.

मग तिनं समजावून सांगितलं. पंगतीत एक जण उठला, त्याचं उष्टं काढलं नाही, जागा पुसली नाही, आणि तिथेच दुसऱ्याला बसवलं. त्याला काही वाढलंच नाही, तर तो आधीच्याचं खरकटंच जेवणार. कोऱ्या नावाचं तेच होतं. प्रोग्राम जागा घेई, तिच्यात काही भरत नसे, आणि आधी पडलेलं असेल ते नाव समजून वाचे. कधी काहीच नसे. कधी शेवट नसलेला कचरा असे, तो वाचता वाचता प्रोग्रामच मरून जाई.

“म्हणजे पायल हे आधीचं खरकटं,” प्रभावतीबाई म्हणाल्या. त्यांना जरा हायसं वाटलं होतं.

दीपा म्हणाली, “खरकटं राह्याले आधी कोनीतरी जेवलेलं लागते, आई. पेटी नवी हाय. पायल यात कधी जेवलीच नाही.”

उन्हं कलल्यावर प्रभावतीबाईंनी मारेगावला फोन लावला. बरीच रिंग गेल्यावर सोनीबाईनं उचलला. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी हळूच विचारलं, तुमच्या घरी पायल कोण?

“पायल माही पोरगी. काहून, ताई?”

सोनीबाई आपणच सांगत गेली. त्यायले दुपारची झोप चढे, अन् झोपेत नळी निघे. मी वावरातून आली का दारातूनच आवाज देत होती, पायलचे बाबा, झोपू नोका. एक दिवस यायले उशीर झाला. मी अजून देतो आवाज. खाट रिकामी हाय, पन सवय जात नाही.

फोनमधून कुठल्याशा झाडावरच्या चिमण्या ऐकू येत होत्या.

“आज मातर आतून ‘हो’ आला, ताई. मी अजून घरात गेली नाही. अंगनातच बसली हाय.”

दीपानं केलेली दुरुस्ती जगभरच्या मंडळींनी पाहिली, तपासली आणि ठेवून घेतली. आता प्रोग्राम जागा आधी पुसतो, मग वापरतो. आणि नाव कोरं असेल तर नुसतं ‘रुग्ण’ म्हणतो. आपल्या पेटीत दीपानं सासऱ्यांचं नाव स्वतःच्या हातानं भरलं. पेटी त्यानंतर एकदाही मुकी झाली नाही, की भलतं काही बोलली नाही.

प्रभावतीबाईंनी मात्र त्या दिवसापासून एक नेम धरला. सोनीबाई वावरातून परतते त्या सुमाराला पलंगापाशी उभं राहायचं आणि मोठ्यानं एकदा ‘हो’ म्हणायचं. तिची हाक रिकामी जाऊ नये, आणि तिला ओ देण्याची पाळी झोपलेल्या माणसावर येऊ नये. दीपा त्यांना हसली नाही. सासू देवळात गेली असली तर ती स्वतः उठून ‘हो’ म्हणून येई.

चिंतामणीनं ऐकलं. पावसाळा सरेपर्यंत सदाशिवरावांचा श्वास मोकळा झाला. एका दुपारी ते नळीवाचून अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मशीनची वायर काढून गुंडाळून ठेवली होती, पेटी बंद होती, दीपा बाजारात गेली होती. स्वयंपाकघरात प्रभावतीबाईंनी वेळ ओळखली, पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीकडे निघाल्या. उंबऱ्याशी पोचल्या नाहीत तोच रिकाम्या पलंगाच्या बाजूनं झोपेतून उठल्यासारखा जड पुरुषी आवाज आला.

“हो.”

आणि वायर काढलेल्या मशीननं एकच श्वास घेतला. घुस्स...

ठक झालंच नाही.

प्रभावतीबाई तशाच आत गेल्या, आणि पलंगाच्या कडेला हात टेकून त्यांनीही ‘हो’ म्हटलं. सकाळपासून कोणी न निजलेली गादी उबदार होती.

म्हणून सांगते, बाई. गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या घरात राबत असेल, मशीन असो, काठी असो, चष्मा असो, तर तुम्हीही असा नेम धरा. ती जिथून आली तिथे अजून कोणीतरी हाक मारत असेल. दुपारी एकदा त्या वस्तूजवळ उभ्या राहा आणि जिवंत तोंडानं ‘हो’ म्हणा. आणि एवढं करा, की थोडं लवकरच म्हणत जा.